बारा काळ, चार रूपे

मराठी माध्यमात इंग्रजी शिकलेल्या माणसाला एक तक्ता सहसा विसरता येत नाही. आडवे तीन काळ: वर्तमान, भूत, भविष्य. उभे चार प्रकार: साधा, चालू, पूर्ण आणि चालू पूर्ण. तीन चोक बारा. या बारा घरांत एखादे नियमित क्रियापद न चुकता भरता आले, म्हणजे इंग्रजीचे काळ आले, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. मदत करणे या अर्थाचे 'हेल्प' हे क्रियापद घेऊन तो तक्ता भरून पाहावा. 'शी हेल्प्स', 'शी इज हेल्पिंग', 'शी हॅज हेल्प्ड', 'शी हॅज बीन हेल्पिंग', आणि असेच पुढे 'शी विल हॅव बीन हेल्पिंग'पर्यंत. आता बाकीचे शब्द झाकून फक्त 'हेल्प'वर बोट ठेवावे आणि त्याने किती रूपे घेतली ते मोजावे. हेल्प, हेल्प्स, हेल्प्ड, हेल्पिंग. चारच. बारांपैकी सहा घरांत 'हेल्पिंग' आहे, तीन घरांत पूर्णतेचे 'हेल्प्ड' आहे, एका घरात मूळ 'हेल्प' जसेच्या तसे बसले आहे. या दहाही घरांत 'हेल्प'कडे पाहून काळ कोणता ते सांगता येत नाही. ते क्रियापद स्वतःच्या अंगावर काळ वागवते ते उरलेल्या दोनच घरांत: साध्या वर्तमानात आणि साध्या भूतकाळात. इंग्रजीचे नियमित क्रियापद बारा काळांत 'चालते' हे वर्णनच मुळी चुकीच्या ठिकाणी बोट ठेवते. चालते ते दुसरेच काहीतरी, आणि ते काय हे कळले की तक्ता पाठ करण्याचे ओझे बरेच उतरते.

आपल्याला हे चटकन जाणवत नाही, कारण आपली सवय वेगळी आहे. संस्कृतच्या तासाला 'धातू चालवा' म्हटले की विद्यार्थी भवति, भवतः, भवन्ति अशी सुरुवात करून एका लकाराची नऊ रूपे म्हणतो, आणि असे लकार दहा. मराठीने हा पसारा खूप आटोपता घेतला, तरी 'करणे'च्या साध्या वर्तमानकाळातच करतो, करते, करतोस, करतेस, करता, करतात अशी सहा रूपे होतात. भविष्यकाळात करीन, करशील, करील, करू, कराल, करतील. भूतकाळात तर क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते: तिने पाढा केला, भाकरी केली, काम केले. मराठीत क्रियापदाचे शेपूट इतके बोलके असते की कर्ता गाळला तरी चालते. 'जातेस का?' या दोन शब्दांत कोणाला विचारले, ती व्यक्ती एक की अनेक, स्त्री की पुरुष, हे सगळे येते. इंग्रजी क्रियापदाच्या शेपटात यातले जवळजवळ काहीच नाही. म्हणून तिथे कर्ता गाळता येत नाही, शब्दांचा क्रम हलवता येत नाही, आणि काळ दाखवायचा तर वेगळे शब्द कामाला लावावे लागतात.

ही भाषा जन्मतः अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत हेच क्रियापद 'हेल्पान' होते आणि ते संस्कृतच्या विद्यार्थ्याला ओळखीचे वाटेल असे चालत असे. मी 'हेल्पे', तू 'हिल्प्स्ट', तो 'हिल्प्थ', आम्ही 'हेल्पाथ'. भूतकाळात प्रत्यय लागत नसे, आतला स्वरच बदले: तो 'हेआल्प', ते 'हुल्पॉन', आणि धातुसाधित 'हॉल्पेन'. म्हणजे आज नियमित क्रियापदांचा नमुना म्हणून शोभणारे 'हेल्प' त्या काळी आज ज्यांना अनियमित म्हणतात त्यांच्या पंगतीत बसत होते. पुढे शब्दाच्या शेवटची आघात नसलेली अक्षरे उच्चारात झिजत गेली. इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात नवव्या-दहाव्या शतकात स्कँडिनेव्हियातून आलेले लोक वसले. त्यांची भाषा इंग्रजीची चुलतबहीण, पण प्रत्यय वेगळे. या सरमिसळीने झीज वाढली असे बरेच अभ्यासक मानतात. 'हेल्प' बदलत होते त्या संधिकाळाचा पुरावा 1611 साली छापलेल्या इंग्रजी बायबलात सापडतो. राजा जेम्सच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या या एकाच ग्रंथात कुठे जुने 'होल्पन' आहे, तर कुठे नवे 'हेल्प्ड'. अनुवाद करणाऱ्या विद्वानांना दोन्ही रूपे शुद्धच वाटत होती.

'हेल्प' ज्या गटात गेले, त्या गटाची खूण म्हणजे शेवटची 'ईडी' ही दोन अक्षरे. ही खूण आली कुठून याविषयी एक जुना तर्क आहे. चौथ्या शतकात बायबलाचा गॉथिक भाषेत अनुवाद झाला. इंग्रजीच्या या दूरच्या नातलगात भूतकाळाचे बहुवचनी प्रत्यय बरेच लांबलचक आहेत आणि ते 'केले' या अर्थाच्या क्रियापदासारखे दिसतात. त्यावरून अनेक भाषाशास्त्रज्ञांनी असे मांडले की 'ईडी' हे पूर्वी मागे जोडलेले 'डिड' असावे. हा वाद मिटलेला नाही. तर्क खरा असेल, तर इंग्रजी क्रियापदाच्या अंगावर काळाची जी एकमेव ठळक खूण उरली आहे, तीही मुळात एका साहाय्यक क्रियापदाचीच उरलीसुरली काया ठरते. आपल्याकडचा प्रकार यापासून फार दूर नाही. 'केला, केली, केले' ही रूपे संस्कृतातल्या 'कृत' या धातुसाधिताच्या वंशातली आहेत, म्हणूनच ती विशेषणासारखी लिंग-वचन पाळतात.

लिहिताना ही खूण एकच असली तरी बोलताना तिची तीन रूपे होतात, आणि आपल्याकडे ते क्वचितच सांगितले जाते. अघोष व्यंजनानंतर ती 'ट' होते, म्हणून 'हेल्प्ड' असे लिहिलेले तोंडाने 'हेल्प्ट' होते. घोष व्यंजनानंतर किंवा स्वरानंतर ती 'ड' राहते, जसे 'कॉल्ड', 'प्लेड'. शेवटी आधीच 'ट' किंवा 'ड' असेल तर मध्ये स्वर येतो: 'वॉन्टिड', 'नीडिड'. वाक् आणि ईश मिळून वागीश का होते हे शिकलेल्या मुलाला यात नवे काही नाही. घोषाला घोष, अघोषाला अघोष, इतकीच ती गोष्ट आहे. इंग्रजी मुलांना तर हे कोणी शिकवतही नाही. 1958 साली जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेने चार ते सात वर्षांच्या मुलांना चित्रे दाखवून भाषेत नसलेली क्रियापदे ऐकवली. एक माणूस 'रिक' करतो आहे. कालही त्याने हेच केले. काल त्याने काय केले? मुलांनी 'रिक' हा शब्द आधी कधी ऐकलेला असणे शक्यच नव्हते, तरी बहुतेकांनी 'रिक्ट' असे उत्तर दिले. 'मॉट'सारख्या, मुळातच 'ट'ने संपणाऱ्या शब्दांपाशी मात्र पुष्कळ मुले अडखळली. म्हणजे नियम डोक्यात होता, त्याचा एक कोपरा अजून तयार व्हायचा होता. पाठांतराने आलेले ज्ञान असे वागत नाही.

हा नियम किती जोरकस आहे ते इतिहासातही दिसते. 2007 साली एरेझ लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक मोजणी प्रसिद्ध केली. त्यांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदे घेतली. मधल्या काळातील इंग्रजीपर्यंत त्यांतली 145 अनियमित राहिली, आणि आज 98. बाकीच्यांना एकेक करून 'ईडी' लागली. यामागचे सूत्र असे निघाले की जे क्रियापद शंभरपट कमी वापरले जाते, ते दहापट वेगाने नियमित होते. जिभेवर रोज येणारे विचित्र रूप टिकते. वर्षाकाठी चार वेळा लागणारे विसरले जाते आणि बोलणारा नियमाकडे वळतो. नव्याने आलेली क्रियापदे तर जवळपास सगळी थेट नियमितच होतात. 'गूगल्ड' आणि 'फोटोशॉप्ड' ही रूपे ठरवायला कोणतीही समिती बसवावी लागली नाही.

आता मूळ प्रश्न. क्रियापद चारच रूपे घेते, तर बारा घरे भरतात कशी? भरतात ती पुढे उभ्या असलेल्या साहाय्यकांमुळे, आणि त्यांची शिस्त थक्क करणारी आहे. प्रत्येक साहाय्यक आपल्या लगेच मागच्या शब्दाचे रूप ठरवतो, त्यापलीकडे तो पाहत नाही. 'विल'च्या मागे मूळ रूप येते. 'हॅव'च्या मागे पूर्णतेचे 'ईडी'वाले रूप येते. 'बी'च्या मागे 'आयएनजी'वाले. 'शी विल हॅव बीन हेल्पिंग' हे भयंकर दिसणारे वाक्य या तीन नियमांनी सुटते: 'विल' आहे म्हणून 'हॅव' मूळ रूपात, 'हॅव' आहे म्हणून 'बी'चे 'बीन', 'बी' आहे म्हणून 'हेल्पिंग'. काळाची खूण मात्र रांगेत सर्वांत पुढे असेल त्यानेच वाहायची, दिंडीतली पताका पुढच्याच्याच हाती असते तशी. 1957 साली नोम चॉम्स्की यांनी 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' या छोटेखानी पुस्तकात ही सगळी रांग एका ओळीच्या सूत्रात मांडली. त्यांच्या पुढच्या सिद्धान्तांवर कितीही वाद झाले असले, तरी ही ओळ आजही इंग्रजी क्रियापदाचे सर्वांत नेटके वर्णन आहे, असे माझे मत आहे. कर्मणी प्रयोगही त्याच रांगेत एक जागा वाढवून मिळतो: 'बी' अधिक 'हेल्प्ड'. शिवाय ही रांग आयती मिळालेली नाही, ती घडत गेली. घर बांधले जात आहे या अर्थाची चालू कर्मणी रचना इंग्रजीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागली आणि एकोणिसाव्या शतकातही काही व्याकरणकार तिला नाके मुरडत होते.

म्हणून नियमित क्रियापद काळांत चालवायचे म्हणजे प्रत्यक्षात दोन अनियमित क्रियापदे चालवायची, 'बी' आणि 'हॅव'. ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीन, हॅज, हॅड, यांत जो पक्का झाला त्याला 'हेल्प'साठी फारसे काही शिकावे लागत नाही. नकार आणि प्रश्न आले की तिसरे क्रियापद येते, 'डू'. 'शी डिडन्ट हेल्प्ड' ही आपल्या वर्गांतली सर्वांत चिवट चूक. तिला 'नियम आहे म्हणून' असे उत्तर मिळते, पण कारण वरच्याच शिस्तीत आहे: भूतकाळाची खूण एकदाच, पुढच्याने वाहायची. ती 'डिड'ने उचलली की 'हेल्प' मोकळे. शेक्सपिअरच्या काळात हे 'डू' अजून सक्तीचे नव्हते. क्रियापद स्वतःच नकार घेई आणि प्रश्नात कर्त्याच्या पुढे जाई.

मग बाराचा तक्ता आला कुठून? 1586 साली विल्यम बुलोकर यांनी इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण काढले, ते शाळांतल्या लॅटिन व्याकरणाच्या नमुन्यावर. लॅटिनमध्ये सहा काळ प्रत्ययांनी दाखवतात, तेव्हा इंग्रजीतही ते असायलाच हवेत असे गृहीत होते. गणितात अनंताचे चिन्ह रूढ करणारे जॉन वॉलिस यांनी 1653च्या आपल्या व्याकरणात इंग्रजीला लॅटिनच्या साच्यात कोंबण्याबद्दल तक्रार केली. गंमत अशी की हे व्याकरण त्यांनी लॅटिनमध्येच लिहिले, आणि आपल्या जुन्या पुस्तकांत 'आय शॅल, यू विल' म्हणून जो नियम घोकून घेत असत तोही याच ग्रंथातून पुढे आला. 1795 साली लिंडली मरे यांनी यॉर्कमधल्या मुलींच्या एका शाळेसाठी व्याकरण लिहिले आणि त्यात पुन्हा सहा काळ मांडले. ते पुस्तक अफाट खपले. त्या सहांना चालू प्रकाराची जोड दिली की बारा होतात.

यावर पहिला आक्षेप येईल तो भविष्यकाळाचा. 'विल'ला साहाय्यकांच्या रांगेत टाकले, तर इंग्रजीला भविष्यकाळच नाही असे म्हणावे लागेल. होय, आणि रँडॉल्फ क्वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांचे 1985चे मोठे व्याकरण तसेच म्हणते: रूपाने दाखवलेले काळ दोनच. काही लोक याचे कारण देतात की 'विल'ने अंदाजही सांगता येतो. तो आता घरी पोचला असेल, या अर्थी इंग्रजीत 'विल'च येते. हे कारण लंगडे आहे. मराठीतले 'असेल' हे रूपाने चोख भविष्यकाळी, तरी तेही अंदाजच सांगते. त्यावरून मराठीला भविष्यकाळ नाही असे कोणी म्हणत नाही. निकाल अर्थावर नव्हे, वागणुकीवर लागतो. 'विल'ला तृतीय पुरुषात 'स' लागत नाही, 'आयएनजी' लागत नाही, त्याच्यामागे मूळ रूप येते, ते स्वतः नकार घेते. 'कॅन', 'मे', 'मस्ट' नेमके असेच वागतात. 'विल'ला भविष्यकाळाचे वेगळे घर द्यायचे, तर 'कॅन'ला शक्यकाळाचे आणि 'मस्ट'ला सक्तीकाळाचे द्यावे लागेल. आणि उद्याची गोष्ट इंग्रज माणूस 'विल'शिवायही सांगतोच. ठरलेल्या वेळी सुटणारी गाडी साध्या वर्तमानात सुटते, आपण 'मी उद्या निघतो' म्हणतो तसे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इंग्रजीत सर्वाधिक वापरली जाणारी दहा क्रियापदे, बी, हॅव, डू, से, मेक, गो, टेक, कम, सी, गेट, एकजात अनियमित आहेत. मग नियमित क्रियापदाचा एवढा खल कशासाठी? उत्तर असे की 'बी', 'हॅव', 'डू' यांसारखी मोजकी क्रियापदे सोडली, तर अनियमितपणा फक्त भूतकाळाच्या एक-दोन रूपांत असतो. 'गो'चे 'वेन्ट' आणि 'गॉन' लक्षात ठेवले की पुढची सगळी रांग 'हेल्प'चीच. 'गोइंग'मध्ये काही वाकडे नाही, 'विल'च्या मागे 'गो' सरळ उभे राहते. अनियमित क्रियापद वेगळ्या पद्धतीने चालत नाही. त्याचे दोन सुटे भाग तेवढे वेगळे असतात. नियमित क्रियापदात हे दोन भाग दिसायला एकच असल्याने मात्र एक घोटाळा होतो. 'शी हेल्प्ड' मधले आणि 'शी हॅज हेल्प्ड' मधले रूप एकच वाटते, आणि हे दोन निरनिराळे खांब आहेत हे 'वेन्ट-गॉन' समोर आल्याशिवाय पटत नाही.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा: तक्ता असू दे, निदान परीक्षेत गुण मिळतात. गुण मिळतात हे खरे, पण चुका जिथे होतात तिथे तक्ता मुका आहे. 'मी कालच पैसे भरले आहेत' हे मराठीत बिनचूक वाक्य आहे. त्याच ठिकाणी इंग्रजीत 'हॅव' आणि 'यस्टर्डे' एकत्र आले की वाक्य बिघडते, कारण काल हा संपलेला काळ आहे आणि 'हॅव'चा संबंध आत्ताशी असतो. 'मी दहा वर्षे इथे काम करतो आहे' याचे आपण 'आय ॲम वर्किंग' करतो. इंग्रजीला तिथे 'हॅव बीन वर्किंग' हवे, कारण काम मागून आतापर्यंत चालत आले आहे. रूप बनवता येणे आणि ते निवडता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. तक्ता पहिलीचा सराव गरजेपेक्षा जास्त देतो आणि दुसरीला हात लावत नाही. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेसारख्या जुन्या पुस्तकांनी वाक्यामागून वाक्ये करवून घेतली, ती वाट या बाबतीत अधिक शहाणी होती.

राहता राहिला तृतीय पुरुषी एकवचनाचा 'स'. हा मूळचा उत्तर इंग्लंडच्या बोलीतला. 1611च्या बायबलात त्याच्या जागी अजून 'हेल्पेथ' अशी रूपे आहेत. तो नसला तर अर्थ काहीच हरवत नाही. नॉर्फककडच्या जुन्या बोलीत 'शी हेल्प' म्हणतातच. रॉजर ब्राउन यांनी तीन अमेरिकी मुलांच्या बोलण्याचा जो अभ्यास 1973 साली प्रसिद्ध केला, त्यात 'आयएनजी' सर्वांत आधी आले आणि हा 'स' भूतकाळाच्या 'ईडी'च्याही नंतर. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांच्या मुलांना जे उशिरा जमते, त्यासाठी पाचवीतल्या मराठी मुलाला रोज लाल शाईने घायाळ करण्याचे कारण नाही. शिक्षकांना विनंती एवढीच आहे की बारा घरांचा तक्ता फळ्यावर काढण्याआधी 'बी'ची आठ, 'हॅव'ची चार आणि 'डू'ची पाच रूपे वाक्यांतून पक्की करून घ्यावीत, आणि कोणाच्या मागे कोणते रूप येते ते मुलांनाच शोधू द्यावे. तक्ता नंतर मुले स्वतःच काढतील.